पालथं पडून तपासलेलं पुस्तक

माझ्या मुलीच्या शाळेत पालकसभा होती. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी विचारलं, पुन्हा कधी भेटायला येता? मी सहज म्हणाले, "वेडनेसडेला येते." बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलीनं तर ओळखच दाखवली नाही, ती भिंतीवरचा जगाचा नकाशा बघत उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, तू प्लीज शाळेत मराठीतच बोलत जा." आता तिला काय सांगू? मी बारा वर्षं तांबोळी मास्तरांच्या शेजारी बसून काम केलंय. चारचौघांसारखं इंग्रजी मलाही येत होतं. ते मास्तरांनी माझ्या जिभेवरून खरवडून काढलं आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

यासीन तांबोळी हे कसबा पेठेतल्या आमच्या छापखान्याचे प्रूफरीडर. छापखाना लहान. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, मसाल्याची लेबलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, जे येईल ते आम्ही छापतो. मालक राजाभाऊ शेडगे, स्वभावानं देवमाणूस आणि घाईनं राक्षस. मी तिथे वाचक म्हणून लागले. वाचक म्हणजे मूळ कागद हातात धरून मोठ्यानं वाचणारा. मी वाचायचं आणि मास्तरांनी समोरच्या छापील प्रुफावर पेन्सिल फिरवत माझ्या वाचण्याशी ते ताडून पाहायचं, असं दोघांचं मिळून ते काम चाले.

पहिल्या दिवशी मी एका शाळेची इंग्रजी प्रश्नपत्रिका वाचायला घेतली. पहिली ओळ झाली आणि मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"शैलाबाई, आपण फार छान वाचता. आकाशवाणीत का नाही गेलात?"

मी खूश झाले. म्हटलं, "थँक्यू मास्तर."

"इथे मात्र हे चालायचं नाही. इथे वाइट म्हणजे थांबणं आणि वेइघ्ट म्हणजे वजन. क्निघ्ट म्हणजे सरदार आणि निघ्ट म्हणजे रात्र. जेवढी अक्षरं कागदावर असतील तेवढी सगळी तोंडातून बाहेर आली पाहिजेत. एकही अक्षर पोटात ठेवायचं नाही."

मला वाटलं, माणूस चळलाय. आठवडाभरात मी स्वतःच तसं वाचायला लागले. महिन्याभरात छापखान्यातले सगळेच तसं बोलतात हे लक्षात आलं. मशीनवरचा माणूससुद्धा चहा आणणाऱ्याला "हाल्फ कप" म्हणायचा, त्यातला 'ल' अगदी ठासून!

या वेडामागे एक जुनी जखम होती. मास्तर नवीन असताना एका शाळेची प्रशस्तिपत्रकं छापायला आली होती. खाली मुख्याध्यापकांच्या सहीची जागा आणि त्याखाली त्यांचा हुद्दा. तेव्हाच्या वाचकानं 'प्रिन्सिपल' असं वाचलं. मास्तरांच्या समोर प्रुफावर होता तो दुसरा प्रिन्सिपल, म्हणजे तत्त्व. कानाला दोन्ही एकच. मास्तरांनी मान डोलावली आणि सगळी प्रशस्तिपत्रकं तशीच छापून गेली. मग मास्तर दोन दिवस त्या शाळेच्या कचेरीत बसले. ब्लेडनं एकेका कागदावरची चुकीची अक्षरं खरवडली आणि बोरूनं काळ्या शाईत बरोबर अक्षरं भरली. मुख्याध्यापक म्हणे कौतुकानं बघत होते. मास्तरांना मात्र ती लाज आयुष्यभर पुरली. "कानानं डोळ्याला फितूर केलं," ते सांगायचे. "कान हा घरभेदी असतो, शैलाबाई. आपण त्याला ऐकू द्यावं, पण त्याचं ऐकू नये." तेव्हापासून छापखान्यात प्रिन्सिपाल आणि प्रिन्सिपले असे दोन वेगळे प्राणी नांदायला लागले.

अशा शब्दांच्या जोड्यांना लोक जुळी भावंडं म्हणतात. मास्तरांना ते मान्य नव्हतं. ते त्यांना 'जावा' म्हणायचे. "एकाच घरात राहतात, एकाच आडनावानं हाक मारली जाते, पण एकीच्या जागी दुसरीला बसवून बघा!" त्यांच्याकडे एक जाडजूड बांधीव वही होती. चाळीस वर्षांत सापडलेल्या सगळ्या जावा तिच्यात होत्या. प्रत्येक जोडीपुढे मराठी अर्थ, वापरायचं एक वाक्य आणि ती चूक कुठे सापडली त्याची हकिगत. ती हकिगत हीच खरी मजा.

त्यातली एक मार्केट यार्डातली. एका सुक्यामेव्याच्या व्यापाऱ्यानं काळ्या मनुकांची लेबलं दुसरीकडून छापून आणली होती. त्यावर मनुकांच्या इंग्रजी नावाऐवजी विजेच्या प्रवाहाचं नाव. मास्तर घरचं वाणसामान आणायला तिकडे गेलेले. लेबल दिसल्यावर हा माणूस वेलदोडे विसरला. गाळ्यावरच्या शेटजींना म्हणाले, "आपण हे जे विकताय, ते खाऊन माणूस पेटेल. हा करेंट आहे, आपल्याला करांट पाहिजे."

शेटजींनी लेबल बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि एक मनुका त्यांच्या हातावर ठेवली. "खाऊन बघा. पेटलात का? आमचं गिऱ्हाईक वाचत नाही मास्तर, चाखतं."

दुसऱ्या कुणाचा अपमान झाला असता. मास्तर छापखान्यात आले ते नाचायचेच बाकी! "काय उत्तर दिलंय शैलाबाई! काय उत्तर!" वहीत त्या जोडीपुढे त्यांनी शेटजींचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, "निरुत्तर झालो. या. तां."

लग्नपत्रिकांच्या हंगामात तर त्यांना स्फुरण चढायचं. एका पत्रिकेत शुभेच्छांच्या 'कॉम्प्लिमेंट्स'ऐवजी त्या शब्दाची जाऊ येऊन बसली होती, म्हणजे 'उरलेला भाग भरून काढणारा' या अर्थाची. मुलीचे वडील समोर बसलेले. मास्तर त्यांना म्हणाले, "चूक आहे. पण लग्नाच्या दृष्टीनं विचार केला तर दुरुस्त करावी की नाही, ते आपण ठरवा." वडिलांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही जाणकार, तुम्ही ठरवा." मास्तरांनी दुरुस्त केली, पण अर्धा तास हळहळत होते.

बोलणं सगळं असं. आवाज कधी चढला नाही आणि 'आपण' कधी सुटलं नाही. राग आला की उलट आदर वाढायचा. कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या डीटीपीच्या मुलीनं एकदा तीच चूक तिसऱ्यांदा केली, तेव्हा हातातल्या प्रुफावर तिला चिठ्ठी गेली : "आपण हे मुद्दाम करत असाल तर कलाकार आहात. नकळत करत असाल तर चहा घेऊन या, मग बोलू." ती चिठ्ठी तिनं अजून जपून ठेवली आहे. राजाभाऊ म्हणायचे, "मास्तर, आता कॉम्प्युटर चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारतो की." मास्तर शांतपणे सांगायचे, "चुकीच्या शब्दाखाली मारतो. बरोबर शब्द चुकीच्या जागी बसला की कॉम्प्युटर त्याला नमस्कार करतो आणि पुढे जातो."

आता या वहीचं पुस्तक व्हायचं ठरलं, ते सांगते. एका शाळेच्या मुख्याध्यापिका प्रश्नपत्रिकेच्या कामाला आल्या होत्या. मास्तर आत होते, टेबलावर वही उघडी होती. बाई चाळायला लागल्या आणि हसायला लागल्या. एकट्याच! नंतर खुर्ची ओढून बसल्या. अर्ध्या तासानं राजाभाऊंना म्हणाल्या, "हे छापून द्या. आमच्या सगळ्या मुलांना देते. पण शाळा उघडायच्या दिवशी माझ्या हातात पाहिजे. नाही झालं तर बाजारातलं तयार पुस्तक घ्यावं लागेल, मला थांबता येणार नाही."

मास्तरांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं तपासली होती. त्यांचं नाव कधी कुठल्या पुस्तकावर आलं नव्हतं, येण्याची पद्धतही नसते. त्या दिवशी ते घरी जाताना वाट चुकले. कसब्यात जन्मलेला, कसब्यात वाढलेला माणूस थेट मंडईत जाऊन उभा राहिला. तिथून मग जमीलाचाचींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, गजरा घेऊन आला. चाचींनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" पुस्तकाचं नाव काय ठेवायचं यावर आठवडाभर खल चालला. मास्तरांना 'जावा' हवं होतं. राजाभाऊ म्हणाले, "पुण्यात या नावाचं पुस्तक काढलंत तर लोक कॉम्प्युटरचं म्हणून नेतील आणि दुसऱ्या दिवशी परत करतील." शेवटी 'सारख्या आवाजाचे शब्द' असं साधं नाव ठरलं.

शाळा उघडायला पंधरा दिवस राहिले होते. पहिलं प्रूफ नुकतंच हातात आलेलं, एकशे बारा पानं. मी वाचत होते, मास्तर पेन्सिल फिरवत होते. मध्येच ते थांबले.

"मशीनवर शाई सांडतेय का? वरच्या कोपऱ्यात डाग आहे."

दुसरं प्रूफ काढून आणलं. त्यावरही डाग. तिसरं आणलं. मास्तर संतापले, म्हणजे अतिशय आदरानं बोलायला लागले. "मशीनवाल्या साहेबांना माझा सलाम सांगा आणि त्यांना विचारा, रोलर शेवटचा कधी पुसला होता." मग त्यांनी पेन्सिलीनं त्या डागाभोवती गोल केला आणि समासात शेपटीवाली खूण केली. प्रूफरीडरांच्या भाषेत त्या खुणेचा अर्थ 'हे काढून टाका'. कागद माझ्याकडे सरकवला.

मी बघितलं. पेन्सिलीचा गोल होता, समासात खूण होती आणि गोलाच्या आत पांढरा स्वच्छ कागद होता. काहीही नव्हतं. मी दुसरं प्रूफ बघितलं, तिसरं बघितलं. कुठेच काही नव्हतं.

मी म्हटलं, "मास्तर, उजवा डोळा झाकून बघा."

"उजवा काय झाकायचा? तो लहानपणापासून झाकल्यासारखाच आहे. त्याला फक्त ऊन-सावली कळते."

"मग कागद सोडा, भिंतीकडे बघा आणि डाग दिसतो का सांगा."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. छताकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे डाग माझ्या मालकीचा आहे."

संध्याकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात मी आणि चाची त्यांच्याबरोबर होतो. डॉक्टरीण बाई तरुण आणि स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. उद्या सकाळी ऑपरेशन."

मास्तर म्हणाले, "पंधरा दिवसांनी केलं तर? माझं एक पुस्तक आहे."

"पंधरा दिवसांनीही करीन. पण मग ते डोळ्यासाठी नसेल, फाइल पूर्ण करण्यासाठी असेल."

मास्तरांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. चाचींनी ती हातातून काढून घेतली. बाईंनी पुढचं सांगितलं : ऑपरेशननंतर डोळ्यात गॅसचा फुगा सोडायचा, तो वर चढून पडद्याला जागेवर दाबून धरतो. त्यासाठी सात दिवस, जेवताना, झोपताना, बसताना, तोंड जमिनीकडे. मान वर करायची नाही. डोळा बांधलेला.

दवाखान्याच्या बाहेर येऊन मास्तर पायरीवर बसले. "नाही करायचं," म्हणाले. "आठ दिवसांत छपाईच्या प्लेटा मशीनवर गेल्या पाहिजेत. डोळा गेला तरी पुस्तक राहील."

चाची गप्प राहणाऱ्या बाई. पण त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून बोलल्या. "राहील ना. आणि ते बघणार कोण? मी? मला इंग्रजीतलं एक अक्षर येत नाही. चाळीस वर्षं ती वही घरात तिसऱ्या माणसासारखी राहिली, मी तिला कधी काही बोलले नाही. पण आता वही की डोळा असं असेल ना, तर मी वही चुलीत घालीन. आपल्याकडे चूल नाही, तर शेजारून मागून आणीन."

मी मध्ये पडले. म्हटलं, "मास्तर, मी प्रूफ वाचते, तुम्ही ऐका. वही तुम्हाला पाठ आहे. मी जे छापलंय ते वाचायचं, तुम्ही मनातल्या वहीशी ताडायचं. आपलं रोजचंच काम, फक्त उलटं."

"कानावर?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "शैलाबाई, आपण मला कानावर विसंबायला सांगताय?"

"माझ्या जिभेवर विसंबा. तुम्हीच बिघडवलीत ती."

तेव्हा ते हसले आणि उठले.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी प्रुफांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या घरी पोचले. वर माडीवर दोन खोल्या. दृश्य असं : लोखंडी खाट, खाटेच्या नवारीच्या दोन पट्ट्या चाचींनी बाजूला सारलेल्या, त्या भोकाभोवती जुन्या साडीची चुंबळ, आणि त्या चुंबळीत तोंड घालून मास्तर पालथे. खाटेखालून बघितलं तर बांधलेला डोळा, दाढीचे पांढरे खुंट आणि स्ट्रॉ लावलेला चहाचा कप. मी बाजूला खुर्चीवर बसून वाचायला लागले.

"ऐकू येत नाही," जमिनीकडून आवाज आला. "आपण खाली या."

मी चटईवर बसले. तरी पुरेना. शेवटी मी जवळजवळ अर्धी खाटेखाली गेले, उताणी, छातीवर प्रूफ धरून. वर मास्तरांचं तोंड, खाली माझं. बाहेरून कुणी आलं असतं तर काय समजलं असतं कोण जाणे. चाची मात्र शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या, जणू कसब्यात घरोघरी असंच वाचन चालतं.

आणि काय वाचन झालं ते! मी ओरडायची, "फ्लोउर, पीठ! फ्लोवेर, फूल!" वरून मास्तर ओरडायचे, "बरोबर! पुढे!" किंवा "थांबा! वाक्यात स्वल्पविराम होता, आपण तो खाल्लात की डीटीपीच्या मुलीनं?" जवळच तांबट आळी. तिथे भांड्यांची ठोकाठोक दिवसभर चालते, एरवी तिकडे कुणाचं लक्ष नसतं. पण त्या आवाजात अर्धे शब्द बुडायला लागले. चाची उठल्या, पदर सारखा केला आणि समोरच्या कारखान्यात गेल्या. काय बोलल्या माहीत नाही. पण त्यानंतर तांबटकाका दर तासाला खालून हाक मारायचे, "झालं का? ठोकू?" आम्ही हो म्हटलं की दहा मिनिटं दणादण ठोकायचे, की पुन्हा शांत. मास्तरांच्या विश्रांतीची आणि त्यांच्या कामाची वेळ एकच झाली. दुसऱ्या दिवशी तर ते ठोकायच्या आधी वर येऊन विचारायला लागले, "आज कुठवर आलं?" एकाचं पुस्तक व्हायला चार माणसं लागत होती आणि चौघंही जाम खुशीत होतो.

बुधवारी रात्रीपर्यंत प्रूफ राजाभाऊंकडे द्यायचं होतं. त्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही शहाण्णवाव्या पानावर होतो. माझं डोकं बधिर झालं होतं. डोळ्यांसमोर अक्षरं पोहत होती. मी एक वाक्य वाचलं, 'शांतता' या अर्थाच्या शब्दाचं उदाहरण होतं.

"थांबा," मास्तर म्हणाले.

"काय चुकलं?"

"माहीत नाही. आपण आत्ता माणसासारखं वाचलंत."

"म्हणजे?"

"पीस म्हणालात. तसं बाहेर म्हणतात. इथे म्हणतात तसं वाचा."

मी पुन्हा कागदाकडे बघितलं. तोंड उघडलं आणि आपोआप निघालं, "पिएसे." निघाल्यावरच मला कळलं. पिएसे म्हणजे तुकडा. पेआसे म्हणजे शांतता. शांततेच्या वाक्यात तुकडा छापला होता, आणि मी तो गोड आवाजात वाचून पुढे निघाले होते. तीच प्रशस्तिपत्रकाची चूक, चाळीस वर्षांनी, त्यांच्याच पुस्तकात, माझ्या तोंडून! मी खाटेखाली रडायला लागले.

"रडू नका, प्रूफ भिजेल," वरून आवाज आला. मग थोड्या वेळानं, "शैलाबाई, आपण चुकलात ते मला कानानंच कळलं बरं का. बिचाऱ्याला मी उगीच घरभेदी म्हणत आलो." आणि मग मोठ्यानं, "पुढे! सोळा पानं राहिलीत!"

सात वाजता शेवटचं पान संपलं. खाली तांबटकाकांनी काही विचारलंच नाही, नुसतं ठोकायला सुरुवात केली, आणि तो ताल कामाचा नव्हता. चाचींनी शिरा केला होता. मास्तरांनी तो पालथ्यानं, चमच्यानं खाली वाकून खाल्ला, निम्मा सांडला.

मग मी प्रुफाचा वरचा कागद त्यांच्या हाताखाली सरकवला, हातात पेन दिलं. प्रूफरीडरनं 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही केली की मगच मशीन सुरू होतं. मास्तरांनी पेन परत केलं.

"मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या कागदावर मी कधी सही केली नाही."

"पण मास्तर, पुस्तक तुमचं आहे!"

"लिहिलेलं माझं. पाहिलेलं आपलं. सही पाहणाऱ्याची."

बारा वर्षांत माझी सही कुठल्या प्रुफावर गेली नव्हती. वाचकाची सही नसते. चाचींनी पाट दिला, त्याच्यावर कागद ठेवून मी सही केली आणि धावत राजाभाऊंकडे गेले.

पुस्तक वेळेवर गेलं. शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापिकांचा राजाभाऊंना फोन आला, वर्गात हशा चाललाय म्हणून. राजाभाऊंनी पेढे वाटले. मी एक प्रत मास्तरांच्या घरी नेली. त्यांनी ती हातात घेतली, वजन बघितलं, वास घेतला आणि उघडली नाही. चाचींना म्हणाले, "कपाटात ठेव. पहिल्यांदा वाचीन तर याच डोळ्यानं. नाहीतर नको." डॉक्टरीण बाई नक्की काही सांगत नव्हत्या. फुगा विरघळायला पाच-सहा आठवडे लागतील, त्यानंतर किती दिसेल ते तेव्हाच कळेल. मास्तर सांगायचे, गवंडी पाणपातळी बघायची नळी धरतो ना, तशी डोळ्यात रेघ हलते. रोज ती थोडी खाली उतरायची. रोज मी विचारायची आणि रोज ते म्हणायचे, "अजून पाण्यात आहे." मला रात्री झोप लागेना. आपण त्यांना ऑपरेशनच्या खाटेवर पाठवलं, पुस्तक तर झालं, आणि आता ते त्यांना दिसलंच नाही तर?

सहाव्या आठवड्यात मिरजेला असलेली त्यांची मुलगी दोघांना कायमचं न्यायला आली. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. मी भेटायला गेले. सामान बांधलेलं होतं. मास्तरांनी जावांची ती वही मला देऊ केली, मी घेतली नाही. म्हटलं, तिकडे मिरजेतही चुका होतच असतील. ते खूश झाले. डोळ्याबद्दल मी विचारलं नाही. मी वाकून नमस्कार केला आणि जिना उतरले.

बोळात आले तेव्हा वर खिडकी धाडकन उघडली. मी जिन्याच्या बाजूला, सावलीत होते. खिडकीत मास्तर. पुस्तक नाकाला लागेल इतकं जवळ धरलेलं. पान उलटलं. पुन्हा उलटलं. मग त्यांनी मान बाहेर काढून खाली बघितलं. समोर एक गृहस्थ स्कूटर तिरकी लावून मोबाईलमध्ये पत्ता शोधत उभे होते.

"शैलाबाई!" मास्तर त्यांच्याकडे बघून ओरडले. "दिसतंय! शब्द न् शब्द दिसतोय! वेलांट्यासुद्धा!"

गृहस्थांनी वर बघितलं. इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, "मग वाचा की. आम्ही कुठे अडवलंय?"

"वाचतोय! रात्रभर वाचणार! आणि आपला घसा बसलेला दिसतो, आलं-मध घ्या!"

"घेतो," गृहस्थ म्हणाले.

खिडकीत पुन्हा पुस्तक वर गेलं. त्याच्यामागे मास्तर दिसेनासे झाले. मी हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम. गृहस्थ स्कूटर ढकलत माझ्याजवळ आले.

"तुमच्या ओळखीचे का?"

"हो."

"डोळ्यांनी कमी दिसतं वाटतं त्यांना."

"नाही हो," मी म्हटलं, "आत्ताच दिसायला लागलंय."